योसेमिटीची स्थलनामे आणि विहारभूमीचा इतिहास

इंग्रजीतील ‘पार्क’ ह्या शब्दास मराठीत ‘उद्यान’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. दोन्ही शब्द आज जवळजवळ समानार्थी वापरले जात असले, तरी त्यांची मूळ घडण निराळी आहे. ‘पार्क’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि शिकारीची जनावरे राखण्यासाठी कुंपणाने घेरलेली जमीन असा त्याचा आरंभीचा अर्थ होता. राजाने किंवा सरदाराने आपल्यासाठी राखून ठेवलेली व इतरांस मज्जाव असलेली अशी ती जमीन असे. ‘उद्यान’ हा संस्कृत शब्द ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘या’ हा धातू यांपासून साधलेला असून बाहेर जाणे, फिरावयास बाहेर पडणे असा त्याचा धात्वर्थ आहे. फिरण्याच्या जागेचा अर्थ त्यावरूनच आलेला आहे. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको. तथापि ‘राष्ट्रीय उद्यान’ ही जी संस्था एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आली, तिच्या घडणीत ह्या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडल्या आहेत. नगरवासी जनांस मोकळ्या हवेत विहार करता यावा म्हणून डोंगराळ प्रदेश घेरले गेले. आणि ते घेरले जात असता तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांस तेथून हलावे लागले. कॅलिफोर्नियातील योसेमिटी हे ह्याचे एक ठळक उदाहरण होय. तेथील स्थलनामांच्या साहाय्याने ह्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश आणि नामांचे थर

योसेमिटीचे राष्ट्रीय उद्यान सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर सुमारे ३,०८० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहे. ज्या दरीमुळे ते प्रसिद्धीस आले ती मात्र लहान आहे. तिची लांबी सुमारे ११ किलोमीटर असून रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास भरते. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटचे उभे कडे आहेत. त्यांपैकी एल कॅपिटान हा कडा तळापासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, तर योसेमिटी धबधब्याची तिन्ही टप्पे मिळून उंची ७३९ मीटर आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या ह्या दरीचा तळ सपाट, पाणथळ आणि ओक वृक्षांनी युक्त असल्यामुळे ती मनुष्यवस्तीस सोयीची होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

ह्या प्रदेशातील नामांचे स्थूलमानाने तीन थर पडतात. पहिला थर मीवोक भाषेतील नामांचा. दुसरा स्पॅनिश नामांचा. ‘सिएरा नेवाडा’ म्हणजे हिमाच्छादित पर्वतरांग. दरीतून वाहणाऱ्या नदीचे ‘मर्सेड’ हे नाव १८०६ मध्ये गाब्रिएल मोरागा ह्याच्या तुकडीने दयाशील मातेच्या, म्हणजे मेरीच्या, नावावरून ठेविले. ही दोन्ही नामे सपाट प्रदेशातून दिसणाऱ्या वा ओलांडाव्या लागणाऱ्या गोष्टींची आहेत, हे लक्षणीय आहे. स्पॅनिश वसाहतवाल्यांचे लक्ष किनाऱ्याकडे होते; दरीच्या अंतर्भागास त्यांनी नाव दिल्याचे आढळत नाही. ‘एल कॅपिटान’ हे रूपाने स्पॅनिश असले, तरी तेही १८५१ च्या मोहिमेतील अमेरिकनांनी स्थानिक नावाचे भाषांतर म्हणून योजलेले आहे. तिसरा थर इंग्रजी नामांचा असून तो बव्हंशी १८५१ नंतरच्या थोड्या वर्षांतच बसला. नामांचा एखादा थर शतकानुशतके साचत जातो, तर एखादा काही आठवड्यांत पसरला जातो. दुसऱ्या प्रकारच्या थराखाली बहुधा एखादी मोहीम असते.

२. १८५१ ची मोहीम

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दोन-तीन वर्षांत हजारो लोक सिएराच्या पायथ्याशी लोटले. शिकारीची राने व मासेमारीचे ओढे खाणवाल्यांच्या ताब्यात जाऊ लागताच मूळ रहिवाशांशी त्यांचे खटके उडू लागले. १८५० च्या डिसेंबरात जेम्स सॅव्हेज नावाच्या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर हल्ला झाला, आणि पुढील वर्षाच्या आरंभी सुमारे २०० स्वयंसेवकांची ‘मॅरिपोसा बटालियन’ उभी राहिली. सॅव्हेज हाच तिचा मेजर होता. मार्च १८५१ च्या अखेरीस ही पलटण दरीत उतरली. तेथील बहुतेक लोक आधीच निघून गेले होते. पलटणीने घरे आणि धान्याचे साठे जाळले. हे धान्य म्हणजे ओकची फळे. ती उखळांत कुटून, पाण्याने त्यांतील तुरट अंश काढून त्यांचे पीठ करीत आणि वर्षभराच्या बेगमीसाठी ती उंच कणग्यांत साठवीत. हिवाळ्याच्या शेवटी हे साठे जळणे म्हणजे उपासमार, हे पलटणीच्या अधिकाऱ्यांस ठाऊक होते. साठे जाळण्यामागे तोच उद्देश होता.

पलटणीत लाफायेट बनेल नावाचा एक तरुण होता. वैद्यकाचे ज्ञान असलेल्या ह्या तरुणाने पुढे १८८० मध्ये ह्या मोहिमेची हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दरीच्या दर्शनाने भारावून गेलेल्या बनेलने, शेकोटीभोवती बसलेल्या सोबत्यांपुढे दरीस तेथील लोकांच्याच नावावरून ‘योसेमिटी’ म्हणावे असा प्रस्ताव मांडला व तो बहुमताने संमत झाला. ज्या जमातीस त्या दरीतून कायमचे हुसकावयाचे होते, तिचे नाव दरीस देऊन ते चिरंतन करावे असा त्यात गौरवाचा भाव होता. नामकरण आणि उच्चाटन ही येथे परस्परविरोधी कृत्ये नव्हती; एकाच मोहिमेत, एकाच हातांनी ती झाली.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोहिमेत घडलेला प्रसंग याहून बोलका आहे. जमातीचा प्रमुख टेनाया ह्याचे तीन मुलगे पकडले गेले. जेथे ते सापडले त्याजवळच्या तीन शिखरांस ‘थ्री ब्रदर्स’, म्हणजे तीन भाऊ, हे नाव मिळाले. त्यांपैकी धाकटा मुलगा निसटण्याच्या प्रयत्नात गोळी लागून मेला; टेनाया पकडून आणला गेला तेव्हा मुलाचे प्रेत त्याच्या दृष्टीस पडले. पुढे पर्वताच्या वरच्या भागात एका सरोवराकाठी जमातीचे उरलेले लोक हाती लागले. बनेलने त्या सरोवरास टेनायाचे नाव देण्याचे ठरविले आणि ही गोष्ट मोठ्या आनंदाने बंदिवान टेनायास सांगितली. सरोवरास पूर्वीपासूनच ‘पायविॲक’ हे नाव आहे, असे उत्तर टेनायाने दिले. चकाकणाऱ्या खडकांचे सरोवर असा त्या नावाचा आशय होता. हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले तेथील ग्रॅनाइटचे पृष्ठभाग उन्हात खरोखरच चकाकतात. बनेलने नवे नाव कायम ठेविले. टेनायास आनंद झाला नाही, उलट त्याची चर्या उतरली, हे बनेलनेच प्रामाणिकपणे नमूद करून ठेविले आहे. स्वतःचे नाव सरोवरास मिळाल्याचा अर्थ टेनायास बरोबर समजला होता असेच म्हणावे लागते.

ह्या लोकांस फ्रेस्नो नदीकाठच्या राखीव क्षेत्रात नेण्यात आले. काही काळाने टेनायास परतण्याची मुभा मिळाली. १८५३ मध्ये तो मारला गेला. त्याच्या मृत्यूच्या हकीकती परस्परविरोधी आहेत. १८५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियातील निरनिराळ्या जमातींशी जे अठरा करार करण्यात आले, त्यांपैकी एकासही अमेरिकन सेनेटने मान्यता दिली नाही. तथापि वाचलेले लोक दरीत पुनःपुन्हा येत राहिले, आणि पुढील शंभराहून अधिक वर्षे तेथे त्यांची लहानशी वस्ती होती. दरी ‘निर्मनुष्य’ असल्याची समजूत ह्या काळात पसरली, ती प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारी नव्हती.

३. ‘योसेमिटी’ आणि ‘अवानी’

दरीतील लोक स्वतःच्या भूमीस ‘अवानी’ म्हणत. मराठी वाचकास येथे संस्कृत ‘अवनि’ शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे केवळ ध्वनिसाम्य होय. दक्षिण सिएरा मीवोक भाषेत तोंड ह्या अर्थाच्या शब्दाशी ह्या नावाचा संबंध असून उघड्या जबड्यासारखी जागा असा त्याचा अर्थ लावला जातो. दोन प्रचंड कड्यांमधून आत शिरणाऱ्या दरीस हे नाव अन्वर्थक आहे. तेथील रहिवासी ते ‘अवानीची’. ह्यातील ‘ची’ हा अर्थातच मराठी षष्ठीचा प्रत्यय नसून मीवोकमधील निवासदर्शक प्रत्यय आहे.

‘योसेमिटी’ ह्या नावाविषयी दीर्घकाळ अशी समजूत होती की त्याचा अर्थ मोठे तपकिरी अस्वल असा आहे. सॅव्हेजने तसे सांगितले, बनेलने ते लिहिले, आणि प्रवासी मार्गदर्शिकांतून ते शतकभर छापले गेले. मीवोकमध्ये अस्वलासाठी ‘उझुमाटी’सारखा, ध्वनीने जवळचा एक शब्द आहे, हे ह्या घोटाळ्याचे कारण असावे. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ मॅडिसन बीलर यांनी ह्या व्युत्पत्तीचे पुनर्परीक्षण केले. पुढे सिल्व्हिया ब्रॉडबेंट यांनी दक्षिण सिएरा मीवोक भाषेचे व्याकरण व कोश १९६४ मध्ये सिद्ध केल्यावर ह्या विषयास भरभक्कम आधार मिळाला. ह्या अभ्यासानुसार ‘योसेमिटी’च्या मुळाशी ठार मारणे ह्या अर्थाचा धातू असून ‘ते मारेकरी आहेत’ असा त्या शब्दाचा आशय आहे. दरीतील लोकांत निरनिराळ्या जमातींतून आलेल्या माणसांचा भरणा होता. टेनायाची आईही पूर्वेकडील मोनो सरोवराकाठच्या पायूट लोकांतली होती. आसपासच्या मीवोक जमातींस ह्या लोकांचा धाक वाटे आणि त्या त्यांस ह्या शब्दाने संबोधीत.

म्हणजे आज जगभर दुमदुमणारे हे नाव ना भूमीचे आहे, ना तेथील लोकांनी स्वतःस दिलेले आहे. ते शेजाऱ्यांनी दिलेले भयसूचक नाव असून ते परक्यांनी अर्धवट ऐकले, त्याचा अर्थ चुकीचा लावला आणि मग गौरव म्हणून दरीवर चढविले. एका जमातीचे नाव तिच्या शेजाऱ्यांकडून ऐकून रूढ होणे ही भाषेच्या इतिहासात नित्याची गोष्ट आहे. येथे विशेष एवढाच की, त्या नावाने भूमीचे मूळ नाव पार झाकून टाकले.

४. १८६४ चा कायदा आणि विहाराचा हक्क

मोहिमेनंतर चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, जेम्स हचिंग्ज ह्या प्रकाशकाने सहलीसाठी पहिली मंडळी दरीत नेली. बरोबर टॉमस एअर्स हा चित्रकार होता. त्याची चित्रे आणि पाठोपाठ १८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्सने घेतलेली मोठ्या आकाराची छायाचित्रे यांमुळे दरीची कीर्ती पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. योसेमिटीची दरी आणि प्रचंड सिक्वोया वृक्षांची मॅरिपोसा राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करण्यात आली, ती दोन अटींवर: ह्या भूमीचा विनियोग सार्वजनिक उपयोग, विहार आणि मनोविनोद यांसाठीच व्हावा, आणि ती कधीही दुसऱ्यास देता येऊ नये. ‘राष्ट्रीय उद्यान’ असे नाव प्रथम १८७२ मध्ये यलोस्टोनला मिळाले. तरी त्यामागील कल्पना कायद्याच्या भाषेत उतरली ती योसेमिटीच्या निमित्ताने.

ह्या कल्पनेस तात्त्विक बैठक दिली ती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे हे रचनाकार १८६५ मध्ये योसेमिटीच्या कारभारासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी सादर केलेल्या अहवालातील प्रतिपादन थोडक्यात असे: निसर्गरम्य स्थळी विश्रांती घेतल्याने मनुष्याचे शरीर व बुद्धी ताजीतवानी होतात, आजवर हे सुख श्रीमंतांच्या खाजगी उपवनांपुरते मर्यादित राहिले, ते सर्व नागरिकांस उपलब्ध करून देणे हे लोकशाही शासनाचे कर्तव्य आहे. त्या वेळी वर्षाकाठी काही शेकडा लोक दरीत येत. शतकभरात ही संख्या लक्षावधींवर जाईल असे भाकीत ओल्मस्टेड यांनी केले आणि म्हणूनच आरंभापासून निर्बंध असावेत असा आग्रह धरला. सहकाऱ्यांनी हा अहवाल दडपला. त्याची संहिता १९५२ मध्ये पुन्हा हाती आली. योगायोग असा की, पुढे दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, योसेमिटीला येणाऱ्यांची वार्षिक संख्या प्रथमच १० लाखांवर गेली.

ओल्मस्टेड यांच्या विचारातील उदात्तपणा नाकारता येत नाही. सामान्य माणसाला डोंगरावर जाण्याचा हक्क आहे, ही एकोणिसाव्या शतकातील एक मोठी लोकशाही कल्पना होती. दरीत हॉटेल चालविणाऱ्या हचिंग्जने जमिनीवर वैयक्तिक मालकी सांगितली, तेव्हा १८७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, हेही ह्या कल्पनेस धरूनच झाले. पुढे राज्य विधिमंडळाने त्याला २४,००० डॉलर भरपाई दिली. प्रश्न असा उरतो की, ‘सर्व नागरिक’ ह्या संज्ञेत कोणाचा समावेश होता. हचिंग्जची वहिवाट जेमतेम दहा वर्षांची होती, तरी तिचा न्यायालयात विचार झाला आणि तिचा मोबदलाही मिळाला. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्जात दरीच्या मूळ रहिवाशांच्या वतीनेही मागणी करण्यात आली होती. कुरणांची शेते झाली, गुराघोड्यांनी खाण्याजोग्या वनस्पती तुडविल्या, कुंपणांनी वाटा अडल्या अशा तक्रारी त्यात असून, आपला सर्व हक्क सोडण्याच्या मोबदल्यात १० लाख डॉलरांची मागणी केलेली होती. तिचा काही उपयोग झाला नाही.

दरम्यान १८६८ मध्ये जॉन म्यूर योसेमिटीत आले. दरी हिमनद्यांनी घडविली हा सिद्धान्त त्यांनी हिरिरीने मांडला. ‘सेंच्युरी’ मासिकातील त्यांच्या लेखांनी चळवळीस जोर आला आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी दरीभोवतीचा विस्तीर्ण पर्वतप्रदेश केंद्र शासनाने राखून ठेविला. १९०६ मध्ये दरी व मॅरिपोसा राई राज्याकडून परत घेऊन त्यात विलीन करण्यात आल्या. ह्या संरक्षणालाही मर्यादा होत्या. उद्यानाच्या हद्दीत असूनही हेच हेची नावाची दुसरी एक दरी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरणाखाली घालण्यास १९१३ च्या कायद्याने अनुमती मिळाली आणि १९२३ मध्ये धरण पुरे झाले. ‘हेच हेची’ हे मीवोक नाव खाण्याजोग्या बियांच्या एका गवताचे आहे असे मानतात. आज त्या नावाचा वापर जलाशयासाठी होतो. ज्या कुरणात ते गवत उगवे ते पाण्याखाली आहे.

५. बारमाही विहार

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत योसेमिटीचा हंगाम उन्हाळ्याच्या काही महिन्यांपुरताच असे. १८७४ पर्यंत दरीत गाडीरस्ता नव्हता. घोड्यावरून वा खेचरावरून उतरावे लागे. १९०७ मध्ये रेल्वे उद्यानाच्या सीमेजवळील एल पोर्टलपर्यंत आली आणि १९१३ मध्ये मोटारगाड्यांना दरीत प्रवेश मिळाला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यान विभागावर कायद्याने दुहेरी जबाबदारी टाकली: सृष्टिसौंदर्य व वन्य जीव यांचे जतन करणे, आणि पुढील पिढ्यांसाठी ते अबाधित राहील अशा रीतीने लोकांस त्यांचा आनंद घेऊ देणे. नवा विभाग टिकावयाचा तर लोकांचा पाठिंबा हवा, आणि पाठिंबा हवा तर लोक आले पाहिजेत, असे त्याचे पहिले संचालक स्टीफन मेदर यांचे धोरण होते.

ह्या धोरणाचा कळस म्हणजे १९२६ मध्ये खुला झालेला, मर्सेड नदीच्या खोऱ्यातून कमी उंचीवरून येणारा रस्ता. त्याचे नावच ‘ऑल-ईअर हायवे’, म्हणजे बारमाही मार्ग असे होते. त्या वर्षी येणाऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. १९२७ मध्ये ती ४ लाख ९० हजारांवर गेली. त्याच साली ‘अवानी’ हे भव्य हॉटेल उघडले. हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी बर्फावर स्केटिंगचे पटांगण आणि घसरगाड्यांचा उतार तयार झाला. १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांसाठीही योसेमिटीने प्रयत्न केला, परंतु ते सामने न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिडला गेले. १९३५ मध्ये बॅजर पास येथे स्कीच्या खेळाचे केंद्र सुरू झाले. वसंतात धबधबे, उन्हाळ्यात उंचावरील कुरणे व गिर्यारोहण, शरदात ओकची पिवळी पाने, हिवाळ्यात बर्फ असे विहाराचे बारमाही चक्र ह्या काळात पुरे झाले. एल कॅपिटानचा कडा १९५८ मध्ये प्रथम सर झाला आणि योसेमिटी गिर्यारोहकांचेही तीर्थस्थान बनले.

ह्या चक्रात मूळ रहिवाशांना जागा होती, पण ती कामगाराची आणि देखाव्याची. ते हॉटेलांत व रस्त्यांवर मजुरी करीत. स्त्रिया धुणीभांडी करीत आणि टोपल्या विणून विकीत. अवानी हॉटेलच्या सजावटीत कॅलिफोर्नियातील इंडियन टोपल्यांवरील नक्ष्या वापरल्या आहेत. १९१६ पासून काही वर्षे प्रवाशांच्या करमणुकीसाठी ‘इंडियन फील्ड डेज’ नावाचे मेळावे भरत. त्यांत योसेमिटीच्या लोकांनी हजारो मैल दूरच्या मैदानी जमातींसारखा पिसांचा पेहराव करावा अशी अपेक्षा असे. कारण प्रवाशांच्या मनातील ‘इंडियन’ तसा दिसत असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांची जुनी वस्ती हलवून त्यांना पंधरा लहान घरांत नेण्यात आले. १९५३ मध्ये असा नियम झाला की, उद्यानाच्या कायम नोकरीत असणाऱ्यांनाच तेथे राहता येईल. रिकामे होणारे घर पाडले जाई. उरलेली घरे १९६९ मध्ये आग विझविण्याच्या सरावात जाळण्यात आली. दरीत नोकरीनिमित्त राहिलेला ह्या समाजाचा शेवटचा रहिवासी १९९६ मध्ये निवृत्त होऊन बाहेर पडला. १८५१ मध्ये शस्त्राने जे पुरे झाले नाही ते नोकरीच्या नियमांनी सावकाश पुरे केले.

६. ‘अस्पर्शित’ निसर्ग

ह्या सर्व व्यवहारामागे एक गृहीत होते: दरीचे सौंदर्य मनुष्याच्या हाताविना घडलेले आहे. म्यूर यांच्या लेखनातही, आगींचा अपवाद सोडल्यास, मूळ रहिवाशांच्या वावराची खूण भूमीवर फारशी उमटत नाही असा सूर आहे. परंतु त्याच काळात वेगळी साक्ष देणारा एक मनुष्य दरीत होता. गेलन क्लार्क १८५५ मध्ये प्रथम तेथे आले आणि पुढे अनेक वर्षे दरीचे अधिकृत रक्षक होते. १८९४ मध्ये त्यांनी मंडळास लिहिले की, आपण प्रथम आलो तेव्हा दरी मोकळी व विस्तृत दृश्यांची होती, झाडोरा माजलेला नव्हता. कारण तेथील लोक ठराविक काळाने गवत पेटवीत आणि नको ती रोपटी उपटीत. ह्या आगींमुळे ओकच्या झाडांस ऊन मिळे, फळे गोळा करणे सोपे होई, हरणांना कोवळा चारा मिळे आणि टोपल्यांसाठी लागणाऱ्या सरळ फांद्या फुटत. लोक गेले आणि आगी विझविणे हे शासनाचे धोरण ठरले, तेव्हा पाइन व सीडरच्या रोपांनी कुरणे व्यापण्यास आरंभ केला.

टेनायाची नात टोटुया १८५१ मध्ये लहान मूल असताना दरीतून बाहेर पडली होती. ती १९२९ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, परत आली. प्रवासी ज्या वनश्रीने मुग्ध होत ती पाहून तिने मान हलविली; दरी फार घाणेरडी झाली, झुडपे फार माजली, असा अभिप्राय तिने दिला. ज्या जागेचे कौतुक जग निसर्ग म्हणून करीत होते तिच्याकडे ती राखण न झालेले घरअंगण म्हणून पाहत होती. उद्यान विभागाने १९७० पासून योसेमिटीत नियोजित रीतीने आगी लावण्यास आरंभ केला. क्लार्क आणि टोटुया यांचे म्हणणे शास्त्राने मान्य करण्यास असा मोठा काळ जावा लागला.

७. उपसंहार

नामांचा इतिहास एकविसाव्या शतकातही थांबलेला नाही. उद्यानातील हॉटेले चालविण्याचा ठेका बदलला, तेव्हा जुन्या ठेकेदाराने ‘अवानी’, ‘बॅजर पास’ इत्यादी नामे ही आपली नोंदणीकृत व्यापारचिन्हे असल्याचा दावा केला. त्यामुळे १ मार्च २०१६ पासून अवानी हॉटेलचे नाव बदलून ‘मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल’ करण्यात आले. २०१९ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरांची तडजोड होऊन जुनी नामे परत मिळाली. ह्या खटल्यात शासन, नवा ठेकेदार आणि जुना ठेकेदार असे पक्ष होते. ज्यांच्या भाषेतील हा शब्द, ते त्यात पक्षकार नव्हते. दुसऱ्या बाजूने, २०१८ मध्ये उद्यान विभागाने मॅरिपोसा परगण्यातील मूळ रहिवाशांच्या मंडळाशी तीस वर्षांचा करार करून, १९६९ मध्ये नष्ट झालेल्या ‘वाहोगा’ वस्तीच्या जागी त्यांचे सांस्कृतिक केंद्र उभारण्यास मान्यता दिली.

२०१६ मध्ये योसेमिटीस ५० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. २०२० ते २०२२ ह्या वर्षांत आणि पुन्हा २०२४ मध्ये वाहनांसाठी आगाऊ नोंदणीची पद्धत योजावी लागली. ओल्मस्टेड यांनी अपेक्षिलेले निर्बंध अशा रीतीने आले, आणि सर्वांसाठी खुली केलेली भूमी पुन्हा मोजूनमापून प्रवेश देणारी झाली. ‘पार्क’ शब्दाच्या मूळ अर्थातील कुंपण पुरते गेले होते असे नव्हे. ते कोणापुढे उभे राहते एवढेच कालानुसार बदलत गेले.

योसेमिटीच्या निर्मितीमागील लोकशाही प्रेरणा खरी होती आणि तिने लक्षावधी सामान्य माणसांना डोंगराचा सहवास मिळवून दिला, हे मान्य करूनच वरील इतिहास वाचावयास हवा. त्या प्रेरणेचे मूल्य कमी करणे हा ह्या विवेचनाचा उद्देश नाही. परंतु विहाराच्या हक्काचा प्रत्येक विस्तार, मग तो १८६४ चा कायदा असो वा १९२६ चा रस्ता, निवासाच्या हक्काच्या संकोचाबरोबर चालला, एवढे ह्या पुराव्यावरून म्हणावयास प्रत्यवाय नाही. कायदे आणि अहवाल पहिल्या हक्काची कथा सांगतात. दुसऱ्याची कथा मुख्यतः नामांत, अर्जांत आणि परत आलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या अभिप्रायात शिल्लक आहे. १९६१ मध्ये रुंद केलेला टायोगा मार्ग टेनाया सरोवराच्या अगदी काठाने जातो. तो मार्ग काढताना तेथील घोटीव ग्रॅनाइट सुरुंगाने फोडण्यात आला. उन्हाळ्यात हजारो प्रवासी तेथे गाडी थांबवितात आणि फलकावरील नाव वाचतात. ‘पायविॲक’ ह्या नावाने सांगितलेले चकाकणारे खडक मात्र अजूनही बहुतांशी तेथेच आहेत.